मोजदाद

गेल्या दिवाळीच्या आधी चार दिवस मी धारेला गेले होते. वहिनींनी फडताळ आवरावयास काढले होते, आणि जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखालून अण्णांची ती वही निघाली. दोनशे पानी, लांबट, वाणी उधारी लिहितात तसल्या तांबड्या पुठ्ठ्याची. वहिनींनी ती उघडली नाही. "तुम्हांला हवी असेल तर घेऊन जा," एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा डबे पुसू लागल्या. मी ती देवासला घेऊन आले. हे लिहिताना ती समोरच आहे.

धार माझे माहेर, देवास सासर. मध्ये इंदूर. सगळा मिळून शंभर किलोमीटरांचा रस्ता. पन्नास वर्षांत हे अंतर मला कधी अंतर वाटले नाही. राखी, भाऊबीज, चैत्रातले हळदीकुंकू, कुणाचे बारसे, कुणाचे तेरावे, काही ना काही निमित्ताने पिशवी भरलेलीच असे. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देश बंद झाला. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा, बारा वाजता अंमल. साखरेच्या गाठी आणावयाच्या राहून गेल्या होत्या. आम्ही गुढीला खडीसाखरेची पुडी बांधली. माताजीच्या टेकडीवर चैत्री नवरात्रात एरवी पाय ठेवावयास जागा नसते. त्या वर्षी गच्चीतून पाहिले तर पायऱ्या मोकळ्या. मी देवासला आले तेव्हापासून असे दृश्य पाहिले नव्हते.

अण्णा माझे थोरले बंधू. धारेच्या एका शाळेत चौतीस वर्षे त्यांनी गणित शिकविले. वही त्यांनी २२ मार्चला, म्हणजे जनता कर्फ्यूच्या दिवशी सुरू केली. पानावर उभे रकाने आखलेले: देश, लोकसंख्या, रुग्ण, मृत्यू, दर दहा लाखांस मृत्यू. वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शनवरून आकडे घ्यावयाचे, भागाकार हाताने करावयाचा आणि उत्तराखाली दोन रेघा मारावयाच्या. शेवटी एक रुंद रकाना आहे. त्याचे शीर्षक 'टाळेबंदीचे मोल'. तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा आहे.

वादाला सुरुवात माझ्या भाच्याने केली. अण्णांचा हा एकुलता मुलगा गेली बारा वर्षे स्वीडनमध्ये असतो. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येई. टाळेबंदीच्या काळात तो आम्हां तिघांना एकदमच जोडून देई, त्यामुळे मी देवासला बसून धारेचे भांडण ऐकत असे. स्वीडनने टाळेबंदी केली नव्हती. तिथे लहान मुलांच्या शाळा चालू होत्या, उपाहारगृहे चालू होती, भाचा सायकलवरून हिंडत होता. सरकारने लोकांना अंतर राखा, शक्य तर घरून काम करा असे सांगितले आणि बरेचसे त्यांच्यावर सोडले. अण्णांना हे ऐकवेना. "हे राज्य करणे नव्हे, हात झटकणे आहे," असे ते म्हणत. भाचा म्हणे, "बाबा, तुमच्याकडे पोलीस भाजीवाल्याची गाडी उलटी करतात, ते राज्य करणे का?" मग वहिनी फोन घेऊन त्याला जेवलास का म्हणून विचारीत.

२०२० च्या डिसेंबर अखेरचे पान अण्णांनी लाल शाईने लिहिले आहे. भारतात मृत्यू सुमारे एक लाख एकोणपन्नास हजार, म्हणजे दर दहा लाखांस शंभराच्या थोडे वर. स्वीडनमध्ये हाच दर साडेआठशेच्या घरात. शेजारच्या नॉर्वेत मात्र ऐंशीच्या आसपास, म्हणजे स्वीडनचा दहावा हिस्सा. नॉर्वेने वेळीच शाळा आणि सीमा बंद केल्या होत्या. त्याच महिन्यात स्वीडनच्या राजाने, आपण अपयशी ठरलो, असे जाहीरपणे म्हटले होते. अण्णांनी ते वाक्य समासात टिपून ठेवले आहे. त्या रविवारी त्यांचा स्वर विजयी होता. भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बाबा, भागाकार बरोबर आहे, पण वरचा आकडा खरा आहे का?"

ह्या प्रश्नाने अण्णा रागावले. मी भूगोलाची शिक्षिका. मुलींकडून देश, राजधान्या, लोकसंख्या पाठ करून घेण्यात माझा जन्म गेला, तरी मलाही तो प्रश्न तेव्हा उद्धटपणाचाच वाटला. पुढे वाचत गेले तसतसे ध्यानात आले की, त्या मुलाने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते.

स्वीडनमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाला सरकारी क्रमांक असतो आणि माणूस गेला की काही दिवसांत तो सरकारदप्तरी गेलेला असतो. रोगाची तपासणी होऊन तीस दिवसांच्या आत कोणी दगावला की कारण काही असो, त्याला ह्या साथीच्या यादीत धरीत. बेल्जियमने तर वृद्धाश्रमांत नुसत्या संशयावरूनही मृत्यू धरले आणि त्यामुळे २०२० च्या वसंतात तो देश जगाच्या यादीत सर्वांत वर जाऊन बसला. प्रामाणिकपणाची ही शिक्षाच म्हणावयाची. उलट पेरू देशाने २०२१ च्या मे अखेरीस आपली मोजणी तपासून पाहिली तेव्हा ६९ हजारांचा आकडा एका दिवसात १ लाख ८० हजारांवर गेला. आपल्याकडे २०२० साली नोंदल्या गेलेल्या दर शंभर मृत्यूंपैकी जेमतेम बावीस-तेवीस मृत्यूंचे कारण डॉक्टराने लिहून दिलेले होते. उरलेली माणसे कशाने गेली, हे घरच्यांनी सांगितले तेवढेच. शिवाय भागावयाचे ज्या संख्येने, ती लोकसंख्या तरी कुठे नक्की आहे? २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ साठी ठरली आहे. अण्णांचा छेद २०११ चा, त्यावर अंदाजाची वाढ.

आणि वय. ही गोष्ट मी मुलींना फळ्यावर लोकसंख्येचे मनोरे काढून शिकवीत असे, तरी घरच्या वादात ती मला सुचली नाही. हा रोग म्हाताऱ्यांना गाठणारा. स्वीडनमध्ये पाचांतला एक माणूस पासष्टीच्या पुढचा, आपल्याकडे चौदा-पंधरांतला एक. मग दोन्हीकडचे मृत्यू सरळ लोकसंख्येने भागून शेजारी मांडणे म्हणजे एका शाळेच्या पाचवीचा निकाल दुसऱ्या शाळेच्या मॅट्रिकच्या निकालाशी ताडून पाहण्यासारखे आहे. जपान सर्वांत म्हातारा देश, तिथे कायद्याने कुणाला घरात कोंडता येत नव्हते, आणि तरीही तिथले मृत्यू थोडे. हे एक उदाहरण दोन्ही पक्षांची गणिते बिघडवून टाकते.

ह्या तुलनेचा विचार करताना मला आमचे देवासच आठवते. पेशव्यांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी ह्या पवार बंधूंची ही गादी. पुढे तिचे दोन भाग झाले, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकच गाव, दोन राजे, दोन दरबार, दोन दप्तरे. हद्द गावाच्या रस्त्यांतून गेलेली. फॉर्स्टर नावाचे इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून इथे राहिले होते, त्यांना ह्या कारभाराची मोठी गंमत वाटे. माझे सासरे सांगत की, रस्त्याच्या ह्या बाजूचा माणूस गेला तर एका पातीच्या वहीत आणि समोरचा गेला तर दुसऱ्या पातीच्या. वारा, पाणी, डास, उंदीर सगळे सामाईक, पण हिशेब वेगळा. कोणी दोन्ही वह्या शेजारी ठेवून एका पातीचा कारभार दुसरीपेक्षा आरोग्याला हितकर, असा निष्कर्ष काढला असता तर गावाने त्याला हसून घालविले असते. देशांच्या बाबतीत मात्र आपण हेच गंभीर चेहऱ्याने केले, आणि मीही केले.

आजीजवळ मोजण्याची वेगळीच रीत होती. १९१८ च्या साथीला ती मानमोडी म्हणे. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती, धारेतच. ती माणसे मोजीत नसे, चुली मोजी. "नवरात्रात वाड्यात पाच चुली पेटत होत्या, दिवाळीला तीन," असे सांगे. अधिक विचारले की उठून जाई. तो रोग मुंबईच्या बंदरातून जूनच्या सुमारास आत शिरला आणि पावसाळा सरता सरता सगळ्या देशभर पसरला. आधी सरकारने ब्रिटिश हिंदुस्थानात साठ लाख मेले असे धरले. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा सव्वा कोटीवर, कोणी पावणेदोन कोटींवर नेला. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, असे आजवर एकदाच घडले. शंभर वर्षे झाली तरी आजीच्या वाड्यातल्या त्या दोन चुली नेमक्या कोणत्या आकड्यात आहेत, हे कोणी सांगू शकणार नाही.

त्याच्या थोडे आधीची इंदूरची एक हकीकत आहे. तिथे प्लेगने ठाण मांडले होते. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस ह्या नगररचनाकाराला बोलाविले होते. १९१८ चा त्याचा इंदूरवरचा अहवाल प्रसिद्ध आहे. ह्या गृहस्थाने लोकांची घरे सक्तीने उपसली नाहीत. पुण्याला १८९७ साली ते करून काय झाले, ते सर्वांना ठाऊक होते. त्याने दिवाळीत एक मिरवणूक काढविली. घाणीचा राक्षस, प्लेगचा उंदीर अशी सोंगे केली, आणि ज्या मोहल्ल्यात घरे अधिक स्वच्छ झाली असतील तिथून मिरवणूक जाईल असे जाहीर केले. लोकांनी आपण होऊन घरे झाडली. अण्णांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "हा तुझा गेडिस स्वीडिश दिसतो!" तो स्कॉटिश होता. पण अण्णा हसले, एवढे त्या दिवसांत पुरेसे होते.

आता त्या कोऱ्या रकान्याविषयी.

देवास आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे. २०२० च्या मे महिन्यात हा रस्ता मी पाहिला तो विसरता येत नाही. मुंबईहून, नाशिकहून माणसे उत्तरेकडे चालली होती. पायी, सायकलींवर, ट्रकांच्या टपावर, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या रिक्षांतून. दूर गोरखपूरला निघालेली रिक्षा, आत मागच्या बाकावर तीन मुले आणि एक म्हातारी. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी करून बायपासवर पोहोचविण्याचे ठरविले. मी साठी ओलांडलेली, मला बाहेर पडण्यास मनाई होती. मी कणीक मळून देई. चवथ्या दिवशी न राहवून गेले. एका बाईच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, दोन्ही डाव्या पायाच्या. तिला पोळ्या दिल्या तर तिने विचारले, "माताजी, मास्क लागेल का घ्यायला?" पोळ्या घेण्यासाठी मास्क लागेल का, असे ती विचारीत होती. ह्या बाईला कोणत्या देशाच्या कोणत्या सरासरीत बसवावयाचे?

हिशेब करणाऱ्यांनी काही आकडे काढले आहेत. एप्रिल ते जून २०२० ह्या तीन महिन्यांत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानाने जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटले. धार जिल्ह्यातले पीथमपूर म्हणजे कारखान्यांचे गाव. तिथे दहा-बारा जणांत एक खोली भाड्याने घेऊन पाळीपाळीने झोपणारे कामगार असत. पाळ्याच बंद झाल्या तेव्हा सगळे एकदम त्या एका खोलीत कोंडले गेले. अंतर राखा, हा उपदेश त्यांच्या कानांवर कसा पडत असेल? भाच्याच्या शहरात निम्म्या घरांतून एकेकच माणूस राहते. टाळेबंदी न करताच तिथे माणसे एकमेकांपासून दूर होती, आणि इथे टाळेबंदीने ती एकत्र आली.

दुसरा एक आकडा मला फार लागला. २०१९ साली देशात क्षयाचे चोवीस लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० साली अठरा लाख. सहा लाख माणसांचा क्षय बरा झाला नव्हता, दवाखान्याचे दार त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. क्षय हा शब्द देवासकरांना परका नाही. कुमार गंधर्व १९४८ साली इथे आले ते गाण्यासाठी नव्हे, क्षय झाला म्हणून, इथली कोरडी हवा मानवेल ह्या आशेने. काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि ते वाचले. औषध वेळेवर मिळणे म्हणजे काय, हे आमच्या गावाला अशा रीतीने ठाऊक आहे. त्या सहा लाखांतली जी माणसे नंतर गेली, ती टाळेबंदीच्या रकान्यात लिहावयाची की रोगाच्या?

आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईची मुलगी त्या वर्षी सातवीत होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे. भूगोलाचे पुस्तक घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसे. शाळा मार्चमध्ये बंद झाली. मग शिकवणी फोनवर सुरू झाली. फोन घरात एकच, तो बापाजवळ. दीड वर्षाने वर्ग पुन्हा नीट भरू लागले तेव्हा ती उज्जैनकडच्या एका खेड्यात सासरी होती. वयाची पंधरा वर्षे पुरी नव्हती. मी तिच्या आईला बोलले, बरेच कठोर बोलले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाई, घरात चार महिने पगार नव्हता. एक ताट कमी झाले." स्वीडनमध्ये त्या वयाच्या मुलांच्या शाळा चालू राहिल्या आणि त्यामुळे तिथे काही फार मोठा अनर्थ ओढवला नाही, हे आज सर्वमान्य आहे. इंदुरात एप्रिल २०२० मध्ये जे चालले होते ते पाहता पहिले काही आठवडे सगळे थांबविणे भाग होते, असे मला अजूनही वाटते. पण चार तासांच्या सूचनेवर देश बंद करणे आणि दीड-दीड वर्ष लेकरांच्या शाळा बंद ठेवणे, ह्यांचे समर्थन माझ्याने होत नाही. अण्णांशी माझे ह्यावरून कडाक्याचे झाले होते. ते म्हणाले, "तू मागाहून शहाणी होते आहेस. तेव्हा आपल्याला काय ठाऊक होते?" ह्यालाही माझ्याजवळ उत्तर नाही.

वहीत शेवटची नोंद १८ एप्रिल २०२१ ची आहे. अण्णा वर्षभर उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. भाजी मिठाच्या पाण्यात, वर्तमानपत्र दोन तास उन्हात. मार्चमध्ये लशीची पहिली सुई घेऊन आले होते. कोठून आला, कोणी आणला, कधी कळले नाही. १९ तारखेला ताप भरला. नाकातला नमुना दिला, पण उत्तर येईना. छातीच्या चित्रात दोन्ही फुप्फुसे भरलेली दिसली. धारेत खाट नाही, इंदुरात नाही, देवासला मी ओळखीच्या सगळ्यांचे फोन लावले, नाही. शेवटी एका खासगी दवाखान्यात बाहेरच्या व्हरांड्यात जागा मिळाली. प्राणवायूच्या नळकांड्या शेजारचा एक मुलगा रात्र रात्र रांगेत उभा राहून आणी. २८ तारखेला पहाटे ते गेले. मी शंभर किलोमीटरांवर होते. भाचा सहा हजारांवर. आम्ही दोघांनी ते सारखेच, फोनच्या काचेत पाहिले.

अकराव्या दिवशी तपासणीचे उत्तर आले. नमुना योग्य रीतीने घेतला गेला नसल्याने पुन्हा द्यावा, असे त्यात होते.

दवाखान्याच्या कागदावर लिहिले आहे की, श्वसन बंद पडून हृदयक्रिया थांबली. चूक कुणाची म्हणावी? त्या रात्री त्या डॉक्टराने किती कागदांवर तेच लिहिले असेल. वर्षभर ज्यांनी साऱ्या जगाचे मृत्यू रकान्यांत भरले, ते स्वतः कोणत्याच रकान्यात आले नाहीत. तेराव्यानंतर एके रात्री भाच्याचा फोन आला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आत्या, इथे असते तर बाबा मोजले गेले असते." मी त्याला म्हटले, "इथे असते" म्हणजे तुला नक्की काय म्हणावयाचे आहे? तो रडू लागला.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सरकारने साथीत दगावलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये देण्याचे ठरविले. २०२१ च्या सप्टेंबरात नियम आले. तपासणीपासून तीस दिवसांच्या आतले मृत्यू धरावयाचे, शंका असल्यास जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करावयाचा. भाच्याने आग्रह धरला. छातीचे चित्र होते, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, मी सगळे क्रमवार लावून धारेला गेले. वहिनींनी सही करण्यास नकार दिला. मी म्हटले, "वहिनी, पैशाचा प्रश्न नाही हो. नोंद व्हावी एवढेच." त्या म्हणाल्या, "खिडकीपुढे उभे राहून हे कसे गेले ते मला पाच जणांना सांगावे लागेल. मी एकदाही सांगणार नाही." मला त्यांचा राग आला. तो राग मी बरेच दिवस बाळगला. अशा किती घरांतून किती वहिनींनी सही केली नसेल, हे पुढे सुचले तेव्हा तो गेला.

त्यानंतर आकडे येत राहिले. मी ते अण्णांच्या पद्धतीने टिपीत राहिले, पण माझ्या वहीत. साथीच्या सबंध काळात मध्य प्रदेशात सरकारी हिशेबाने पावणेअकरा हजारांच्या आसपास माणसे ह्या रोगाने गेली. पण राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदींत एकट्या मे २०२१ मध्ये दीड लाखाहून अधिक मृत्यू आहेत. त्याआधीच्या वर्षांत मे महिन्यात ते पस्तीस हजारांच्या आत असत. २०२२ च्या मेमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला की, भारतात २०२० आणि २०२१ मिळून नेहमीपेक्षा सत्तेचाळीस लाख मृत्यू जादा झाले. सरकारी आकडा तेव्हा त्याच्या दहाव्या हिश्श्याचा होता. त्या हिशेबाने भारताचा दर अमेरिकेहून वर गेला आणि स्वीडनचा आपल्या निम्म्याहूनही खाली राहिला. आपल्या सरकारने ही पद्धत अमान्य केली. नमुन्यावरून देशाचा अंदाज बांधणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मग २०२५ च्या मेमध्ये सरकारचीच नोंदवही प्रसिद्ध झाली. २०१९ साली नोंदलेले मृत्यू ७६ लाख, २०२० साली ८१ लाख, २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ. ती सगळी ह्या रोगाची नव्हे, नोंदणी दर वर्षी थोडी सुधारतेच. पण अण्णा ह्या एकवीस लाखांत आहेत, हे मला नक्की ठाऊक आहे. मृत्यूचा दाखला आम्ही आठवड्यात काढला होता. दाखल्यावर कारण लिहीत नाहीत.

हे पान वाचल्यावर मी भाच्याला फोन केला. मला वाटले, त्याला आपण जिंकलो असे वाटेल. वरचा आकडा खरा आहे का, हे त्यानेच तर विचारले होते. तो म्हणाला, "आत्या, २०२० मध्ये तुम्ही सगळे बंद होता, तेव्हा मृत्यू फारसे वाढले नाहीत. बाबांचे तेवढे बरोबर होते की काय?" मग त्याने आपल्या शेजारच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. त्या पहिल्या वसंतात ती वृद्धाश्रमात गेली होती. तिथे रोग शिरला आणि ती गेली. तो तिला दर शनिवारी पाव आणून देत असे. ही गोष्ट त्याने पाच वर्षे आम्हांला सांगितली नव्हती, कारण अण्णांनी ती वहीत लिहिली असती. स्वीडनने नेमलेल्या आयोगाने २०२२ च्या फेब्रुवारीत म्हटले की, लोकांवर विश्वास टाकण्याचे धोरण एकंदरीत योग्य होते, पण सुरुवातीस अधिक कडक आणि अधिक लवकर पावले उचलावयास हवी होती. अण्णा आणि भाचा दोघांनाही ह्यातले अर्धे-अर्धे वाक्य हवे तसे वापरता आले असते.

कोरा रकाना भरावा असे मनात घेऊन मी पेन्सिल घेऊन बसले. दोन डाव्या चपला. एक ताट. सहा लाख. चोवीस टक्के. एकाखाली एक लिहिले खरे, पण बेरीज कशाची करावी ते सुचेना. खोडून टाकले.

मग सहज वही उलटी केली तर मागच्या बाजूने वहिनींचे अक्षर. टाळेबंदीत दुकाने बंद, दुसरी वही मिळेना, म्हणून त्यांनी उलट्या बाजूने दुधाचा हिशेब मांडला होता. तारीख आणि लिटर, तारीख आणि लिटर. रोज एक. २० एप्रिलपासून दीड, अण्णांना दुधाखेरीज काही जात नव्हते तेव्हाचे. २८ एप्रिलला काही नाही. त्यानंतरचे तेरा दिवस कोरे. पुढे अर्धा. अर्धा, अर्धा, असे पान भरून खालपर्यंत.

मी वहिनींना फोन केला आणि म्हटले, वहीत मागे तुमचा हिशेब आहे. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाडव्याला याल तेव्हा ती घेऊन या. दूधवाल्याचे दोन महिन्यांचे पैसे द्यावयाचे राहिले असतील, तो काही बोलला नाही त्या वेळी."